हिंगणीच्या जंगलात मागून आलेली पावलं

हिंगणीजवळ जंगलाला लागून आमचं वावर होतं. आणीबाणी उठल्यानंतरचा हिवाळा असेल, साल नक्की सांगता येत नाही... माझं शिक्षण बेताचंच, चुकलं तर सांभाळून घ्या. पण ती सकाळ काही डोक्यातून जात नाही.

रोह्यांनी, म्हणजे नीलगाईंनी, तूर पार झोपवली होती. पिकाच्या राखणीसाठी माझ्या चुलत काकांकडे परवान्याची भरमार बंदूक होती, नळीच्या तोंडातून दारू-गोळी ठासायची. काका नेहमी एकच गोळी ठासायचे. छर्रे फेकले की कोणाला लागतील याचा नेम नाही, म्हणायचे. पण त्या संध्याकाळी गोळ्यांची पिशवी घरी राहिली आणि त्यांनी छर्रे भरले... अंधारून आलं होतं. बार झाला, कळप पळाला आणि वावराच्या धुऱ्यावर, बांधावर, रक्त दिसलं.

जखमी जनावर रानात सोडून द्यायचं नाही, हा काकांचा नियम. म्हणून सकाळी गोळ्या घेऊन आम्ही दोघं माग काढत निघालो. मी वर्ध्याहून आणलेले नवे कॅनव्हासचे बूट घातले होते, काकांच्या पायात टायरच्या चपला.

"तुह्या बुटाचा आवाज पार बोर धरणापर्यंत जाऊन राह्यला," काका म्हणाले.

धुकं दाट होतं. एकही पाखरू बोलत नव्हतं. सागाच्या वाळलेल्या पानांवर फक्त आमची पावलं वाजत होती... आणि मग मला मागे तिसरी पावलं ऐकू आली. दोन-तीन टाकायची, थांबायची. आम्ही थांबलो की तीही थांबायची.

"काका, मागं कोनी हाये."

"तुले तं घरच्या मांजरीचंही भेव वाटते. चाल."

पुढे रक्ताचा माग तुटला. तो शोधायला आम्ही थोडं मागे वळलो. ओल्या मातीत माझ्या बुटाचा ठसा उमटला होता, आणि त्या ठशाच्या मधोमध रक्ताचा थेंब होता. ताजा... लालभडक.

मी बूट काढून पाय पाहिले. काकांनी त्यांचे पाहिले. कुठे साधं खरचटलंही नव्हतं.

"काका, घरी चाला नं. तुमच्या पाया पडतो."

काका वाकून माग शोधत राहिले. माग पुन्हा सापडला आणि नाल्याच्या काठी रोही दिसलं. लहानच होतं, वर्षभराचंही नसेल. केव्हाच मेलेलं, अंग ताठलेलं, डोळ्यांना मुंग्या लागलेल्या. मग तो ताजा थेंब कोणाचा?

काका खाली बसले. पिल्लाच्या अंगावरून हात फिरवला. मग हळूच म्हणाले, "छर्रे दोघाले लागले बाबू. मायलेही लागले."

मी म्हटलं, आता तरी जाऊ. त्यांनी नकाराची मान हलवली, बंदुकीत एकच गोळी ठासली आणि मला झुडपाआड ओढलं. धुक्यात ती पावलं पुन्हा सुरू झाली... दोन-तीन, मग थांबणं.

मादी आली. मागचा एक पाय लोंबत होता. आमच्याकडे तिने पाहिलंही नाही. सरळ पिल्लाजवळ गेली आणि त्याला हुंगत उभी राहिली. सकाळपासून ती आमच्या मागे नव्हतीच... ज्या मागावर आम्ही होतो, त्याच मागावर तीही होती.

काकांनी डोळे पुसले, नेम धरला. एकाच गोळीत ती खाली बसली, पिल्लाला टेकून.



माझं ऐकून आम्ही घरी गेलो असतो, तर त्या पायाने ती तिथे किती दिवस उभी राहिली असती... हे मनात आलं की आजही जीव घाबरा होतो. काका थांबले, बरं झालं.