पाण्यातले तीन पाय

रेवजी गवंड्याला गुलाबाचा कंटाळा आला होता. खऱ्या गुलाबाचा नव्हे, तो त्याच्या वाट्याला कधी फारसा आलाच नव्हता. कंटाळा होता तो चिनी मातीच्या लादीवरच्या गुलाबाचा. सुरतेपासून नवापूर-शहाद्यापर्यंत ज्याच्या हाती चार पैसे आले, तो ओट्याला नाहीतर देवघराला रंगीत लादी लावून घ्यायचा. सन तीस-बत्तीसचा तो काळच तसा होता. जपानहून आलेल्या लाद्या पेंढ्यात गुंडाळून खोक्यातून यायच्या. खोकं उघडलं की आत एकतर गुलाब, नाहीतर मोर. घरधनीण दारामागून सांगायची की गुलाब जरा वरच्या अंगाला घ्या, खाली गाय चाटते. रेवजी वर घ्यायचा. ओळंबा धरायचा, थापीने हलकेच ठोकायचा आणि संध्याकाळी सारंगखेड्याला आपल्या घरी येऊन बायकोला सांगायचा, "आज परत गुलाबच."

सुंदरबाई भाकरी थापता थापता विचारायची, काटे होते का. तो नाही म्हणायचा. मग तो कसला गुलाब, असं म्हणून ती भाकरी उलटवायची.

एकदा एका सावकाराच्या न्हाणीघरात त्याने लाद्यांवर परदेशातलं एक गाव लावलं. उंच टोकदार घरं, मधून नदी, नदीत पांढरे पक्षी. काम झाल्यावर तो बराच वेळ त्या गावाकडे बघत बसला. गाव काही वाईट नव्हतं. पण त्या नदीला ना वाळू, ना वाळूतली टरबुजांची वाडी, ना धुणं बडवणारी एखादी बाई. असल्या नदीला लोक भिंतीवर चढवतात, आणि आपली तापी एवढी थोरली, तिला कुणी विचारत नाही, हे त्याच्या मनाला लागून राहिलं. तेव्हापासून त्याच्या डोक्यात एक भिंत उभी राहायला लागली. त्या भिंतीवर आपलं गाव असायचं.

ती भिंत त्याला मिळाली ती एका अपघाताने.

प्रेमचंद शेठ गावातले कापसाचे व्यापारी. मार्गशीर्षात दत्ताच्या यात्रेला लांबलांबून माणसं येतात, घोड्यांचा बाजार भरतो, आणि आलेला माणूस थंडीत उघड्यावर कुडकुडतो, हे पाहून त्यांनी नदीच्या वाटेवर धर्मशाळा बांधायला घेतली. काम रेवजीकडे. दर्शनी भिंतीला लावायला मुंबईहून लाद्या मागवल्या. दोंडाईचे स्टेशनवर खोकी उतरली, भिला गाडीवानाच्या गाडीत चढली आणि तापीच्या उतारावर गाडी कलंडली. भिला शपथेवर सांगत होता की झुडपातून तितर फडफडलं आणि बैल बुजला. गावाचं म्हणणं होतं, बैल जागाच होता, भिला झोपला होता. ते काही असो. खोकी उघडली तेव्हा आत गुलाब, मोर, वेली, काठाच्या तपकिरी पट्ट्या, सगळ्याचा चुराडा झाला होता.

शेठ डोक्याला हात लावून बसले. थोड्या वेळाने म्हणाले की नेऊन टाका नदीत.

रेवजी तिथेच उभा होता. त्याने शेठना सांगितलं की तुकडे मला द्या, मी भिंतीवर आपलं गाव करतो. शेठनी त्याच्याकडे असं पाहिलं, जणू तितराने बैलाऐवजी यालाच घाबरवलं होतं. तुटकी लादी आणि धर्मशाळेच्या भिंतीवर? लोक म्हणतील, प्रेमचंदला शाबूत लादी परवडली नाही.

"नही शेठ," रेवजी म्हणाला, "लोके म्हनतीन, आशी भित कोठेच देखी नही."

शेठ व्यापारी माणूस. जे कुठेच नाही ते आपल्याकडे, हा विचार त्यांना आतून गोड लागला असावा. त्यांनी मान हलवली.

मग सुरू झालं ते काम. सुंदरबाईने टोपल्या मांडून तुकडे रंगारंगाने निवडले, डाळीतले खडे निवडावेत तसे. रेवजीने कोळशाने भिंतीवर आखून घेतलं. खाली तापी, तिच्यात होडी, काठावर घाट, वर देऊळ आणि देवळावर निशाण, एका बाजूला यात्रेच्या राहुट्या. मोराच्या पिसांवरचे हिरवेनिळे डोळे वाळूतली टरबुजं झाले. गुलाबाच्या पाकळ्या कापून घोडेवाल्यांचे फेटे झाले, आणि रेवजीला पहिल्यांदाच गुलाब बरा वाटला. येणारे-जाणारे उभे राहायचे आणि आपापली मागणी टाकायचे. कुणाला आपलं निंबाचं झाड हवं होतं. होडीवाल्याला होडीत आपण हवे होतो, तेही मिशीसकट. मिशी काही जमली नाही, पण होडीतला माणूस जाड झाला आणि होडीवाला तेवढ्यावर खूश झाला.

मधोमध रेवजीने घोडा केला. काठाच्या तपकिरी पट्ट्या फोडून त्याचं अंग भरलं, कपाळावर पांढरा पट्टा ओढला. घोडा पाण्यात उतरून मान खाली घालून पाणी पितोय. तीन पाय पाण्यात, पुढचा एक पाय उचललेला, पाण्याबाहेर. त्याचा खूर आणि घोटा पांढरा. ओल्या पायावरून थेंब पडताहेत असं वाटावं म्हणून त्याने निळ्या लादीचे बारीक कण लावले होते. एवढं देखणं काम त्याच्या हातून आजवर झालं नव्हतं आणि ते त्याला कळत होतं.

यात्रा तोंडावर आली तसे घोडेवाले उतरू लागले. सगळ्यात आधी आले इंद्रसिंग बापू. ते दरसालचे. बापू जिथे मेखा ठोकतील, तिथे बाकीचे ठोकणार, असा रिवाजच पडून गेला होता. धर्मशाळेसमोरचं पटांगण शेठनी त्यांच्यासाठीच सपाट करून घेतलं होतं. बापू आले, भिंतीसमोर उभे राहिले, हसले, होडीतल्या जाड्याला ओळखलं. मग त्यांची नजर घोड्यावर गेली आणि हसू मावळलं. त्यांनी लगाम फिरवला आणि आपली जनावरं पार दुसऱ्या टोकाला नेऊन बांधली. मागून आलेले सगळे तिकडेच गेले. दुपारपर्यंत पटांगणात एक कुत्रं तेवढं उरलं.

शेठ धावत बापूंकडे गेले. बापूंनी सांगितलं ते सरळ होतं. चारी पाय आणि कपाळ पांढरं, तो घोडा पंचकल्याणी. घरी आणावा, दारी बांधावा. पण ज्याचा एकच पाय पांढरा, तो अपशकुनी. त्याला फुकट दिला तरी कुणी नेत नाही. आणि असला घोडा तुम्ही भिंतीवर चढवलात. त्याच्या नजरेसमोर सौदा कोण करेल?

रेवजी मागोमाग आला होता. त्याने हात जोडून सांगितलं, "बापू, बाकीना तीन पाय पानीमा शेतस. त्या बी पांढराच शेतस."

"पानीमा काय शे ते कोनी देखं?" बापू म्हणाले. आणि खरंच, ते कुणी पाहिलं होतं?

आजूबाजूची माणसं हसली. कुणी म्हणालं की बुडी मारून बघा. रेवजीही हसला असता, पण शेठ हसत नव्हते. त्यांनी निक्षून सांगितलं की उद्या सकाळी भिंत खरवडून काढ आणि चुना फास. सगळी. पटांगण ओसाड पडलं तर धर्मशाळा कशाला बांधली?

रेवजी घरी आला आणि उंबऱ्यात बसला. जेवण तसंच राहिलं. खरवडायचं म्हणजे काय, ते त्याच्या हातांना माहीत होतं. एकदा धरलेली लादी सुटत नाही, चुरा होऊन पडते. त्याचं गाव पुन्हा टोपलीत भरायचं आणि या खेपेला खरोखरच नदीत टाकायचं. पुढे आयुष्यभर पुन्हा गुलाब, गाय चाटणार नाही इतक्या उंचीवर.

सुंदरबाई नदीवरून धुणं घेऊन आली. त्याने तिला सगळं सांगितलं. तिने पिळे वलणीवर टाकले, हात पुसले आणि म्हणाली, चला, बघू. भिंतीपाशी ती बराच वेळ उभी राहिली. मग तिने घोडा सोडून पाण्यावर बोट ठेवलं.

"तापीनं पानी आते असं शे का?"

रेवजीला कळेना. ती म्हणाली की हे पाणी आषाढातलं आहे. गढूळ, दाट, आतलं काही न दिसणारं. पण वर राहुट्या लावल्यात त्या यात्रेच्या, म्हणजे महिना मार्गशीर्षाचा. "मी रोज पाय बुडाडीसन धुनं धोस. मन्ही जोडवी माले दिसतस. मंग घोडाना पाय का बरं दिसाव नहीत?"

रेवजीने कपाळावर हात मारला. टोपलीत निळेहिरवे तुकडे रगड होते म्हणून त्याने नदी भरून टाकली होती, मागेपुढे न बघता. तीन ठिकाणी पाणी उकरायचं आणि पांढरे पाय बसवायचे, झालं. त्याने छिन्नी उचलली आणि मग त्याच्या ध्यानात आलं की पांढरा तुकडा एकही शिल्लक नाही. सगळे देवळात आणि राहुट्यांत गेले होते. देवळाला हात लावायची त्याची छाती नव्हती.

सुंदरबाई घरी गेली आणि एक पांढरा कप घेऊन आली. पाहुण्यांसाठी म्हणून सुरतेहून आणलेली ती एकच कपबशी त्यांच्या घरात होती. बशी तिने घरीच ठेवली होती.

आता गर्दी जमली होती आणि गर्दीत शेठही होते. कप पाहताच ते दोन पावलं मागे सरकले. दत्ताच्या यात्रेची धर्मशाळा, वर देवळाचं चित्र आणि त्यात लोकांचं उष्टं भांडं? त्यापेक्षा अपशकुनी घोडा बरा म्हणायचा.

सुंदरबाईने डोक्यावरचा पदर सारखा केला. ती शेठशी सहसा बोलत नसे, आणि आताही ती कपाकडे बघूनच बोलली. "च्या तर समदा बशीमा पेतस. कपले ओठ कोन लावस? उष्टी व्हई ती बशी. कप कसाना उष्टा?"

जो तो मनातल्या मनात आपल्या घरी जाऊन चहा पिऊन आला. कपातला चहा बशीत ओतायचा, फुंकर मारायची, भुरका घ्यायचा. कपाला ओठ लावणारा माणूस सारंगखेड्यात जन्माला यायचा होता. शेठनी वर पाहिलं, खाली पाहिलं, मिशीवरून बोट फिरवलं. त्यांची मिशी रोज भिजायची ती बशीतच. मग त्यांच्याच पोटातून हसू फुटलं आणि सगळं पटांगण हसायला लागलं.

रेवजीने फडक्यात गुंडाळून कप फोडला. त्याची गोलाई घोट्याच्या गोलाईला अशी बेमालूम बसली की तोच चकित झाला. तीन पाय त्याने सरळ लावले नाहीत, थोडे मोडल्यासारखे, हललेले लावले, कारण पाण्यात काठीही वाकडी दिसते. त्यांच्यावरून निळ्याची एक-एक बारीक रेघ ओढली. दिवस मावळायच्या आत घोडा पंचकल्याणी झाला होता.

इंद्रसिंग बापूंना निरोप गेला. ते आले आणि भिंतीसमोर चक्क उकिडवे बसले. एक, दोन, तीन, असे पाण्यातले पाय मोठ्याने मोजले, मग चौथा. कपाळ पाहिलं.

"शेपूट तोकडं शे," बापू म्हणाले.

रेवजी काही बोलणार, तोच बापू उठले आणि त्यांनी आपल्या माणसाला मेखा इकडे आणायला सांगितल्या. रात्र पडायच्या आधी पटांगण भरून गेलं. दुसऱ्या दिवशी यात्रेतला पहिला सौदा त्याच भिंतीसमोर झाला, रुमालाखाली बोटं धरून भाव ठरवत, आणि सौदा पटल्यावर बापूंनी चिमूटभर गुलाल भिंतीवरच्या घोड्याच्या कपाळाला लावला. रेवजी पुढे धावला. बापू, हळू, पायांकडचा चुना अजून ओला आहे, असं तो काकुळतीने सांगत होता. बापूंनी बोट मागे घेतलं आणि विचारलं की याचं नाव काय.

नाव रेवजीने ठेवलंच नव्हतं. मागून बायकांतून सुंदरबाईचा आवाज आला, "तापी."

तापी तर बाईचं नाव, बापू म्हणाले, हा घोडा आहे का घोडी? सगळ्यांनी रेवजीकडे पाहिलं. रेवजीने भिंतीकडे पाहिलं. गुलाब आणि मोर लावण्यात जन्म गेलेल्या माणसाला तो प्रश्न कधी पडलाच नव्हता.

बापूंनी थोडा विचार केला. "मंग घोडीच शे," ते म्हणाले. "घोडानी इतला येळ मान खाले ठेवी नसती."

बायकांच्या घोळक्यात सगळ्यात मोठ्याने सुंदरबाई हसली.