रिव्हर्स नसलेली गाडी

नवी गाडी असलेल्या माणसाकडे सांगायला काय असतं? ॲव्हरेज! किस्से जमतात ते आमच्यासारख्यांकडे. कुणा कंपनीने एक सेडान काढली, काही वर्षं विकली आणि गुपचूप बंद करून टाकली. अख्ख्या नंदुरबार जिल्ह्यात ती गाडी आता आम्हा चौघांकडेच उरली आहे. पार्ट कुठे मिळत नाहीत, आणि आम्हाला गाडी सोडवत नाही.

आमची ओळख झाली ती नंदुरबारला युनूस मिस्तरींच्या गॅरेजबाहेरच्या बाकड्यावर. चारांतली एक तरी गाडी कायम आत बॉनेट उघडून उभी, म्हणून चौघांतला एक तरी कायम बाकड्यावर. मी भटू, रनाळ्यात माझं बियाण्यांचं दुकान आहे. गावितभाऊंचा नवापूरला कोंबड्यांचा फार्म. वळवी धडगावकडच्या डोंगरातला, आश्रमशाळेत क्लार्क आहे. चौथे आप्पा, माझे शेजारी. तीस वर्षं एसटीच्या लाल डब्यावर ड्रायव्हर होते, रिटायर झाल्यावर हौसेने ही गाडी घेतली.

*

गावितभाऊंच्या गाडीचा पिकअप गेला. साध्या चढालाही धापा टाकायची. टाकी साफ केली, प्लग बदलले, फरक शून्य. शेवटी मिस्तरींनी एअर फिल्टर उघडला, तर आत पांढरी पिसं गच्च भरलेली.

मिस्तरी म्हणाले, "गावितभाऊ, गाडी चलाते हो के अंडे पे बिठाते हो?"

आम्ही बाकड्यावर पोट धरून हसलो. गावितभाऊ हसले नाहीत. एक पीस बोटात धरून म्हणाले, "ही जुनी आहेत. रोग आला तेव्हाची. सगळा फार्म खड्ड्यात पुरला, त्याला आठ महिने झाले."

मिस्तरींनी नवा फिल्टर बसवला. जुना ते भंगारात टाकणार होते, पण गावितभाऊंनी तो पेपरात गुंडाळून डिकीत ठेवला.

*

वळवी आमच्याशी शाळेतली स्वच्छ मराठी बोलतो, चिडला तरी. त्याची आत्या नंदुरबारला दवाखान्यात वारली. वळवी म्हणाला, माझी गाडी आहे, मीच तिला घरी नेतो. मागच्या सीटवर आत्याला निजवलं, पायाशी चुलतभाऊ बसला, पुढे वळवी आणि त्याचा काका.

घाटाच्या मध्यावर क्लच प्लेट जळाली. इंजिन बोंबलतंय आणि चाकं जागची हलत नाहीत. जळका वास सगळ्या गाडीत भरला. काकांनी उतरून एक बांबू तोडला, चादर बांधली, आणि तिघांनी आळीपाळीने आत्याला खांद्यावर घेतलं. गाडी चार दिवस तिथेच वळणावर उभी होती.

हा किस्सा वळवी कधी रंगवून सांगत नाही. शेवटी एवढंच म्हणतो, "दवाखान्यात खाली आणली झोळीतून, वर नेली झोळीतून. मधला निम्मा घाट तेवढा माझ्या गाडीचा."

*

आता माझी गाडी. तिचा रिव्हर्स गेला. गिअरचा दांडा बरोबर पडायचा, आतून खरखर ऐकू यायची, गाडी मात्र ढिम्म. मिस्तरींनी सांगितलं, रिव्हर्सच्या चाकाचे दात तुटलेत, पार्ट नाही, सुरतच्या भंगारात शोधावा लागेल. "तब तक आगे देख के चलो, सेठ."

रिव्हर्स नसला की माणूस फार विचारी होतो. कुठे लावायची, निघताना समोर मोकळं असेल का, गल्ली पलीकडे उघडते का, हे सगळं आधी बघायचं. धानोऱ्याच्या एका लग्नात मी अशीच शहाणपणाने गाडी लावली आणि जेवून येतो तर नाकासमोर भला मोठा ट्रॅक्टर, ड्रायव्हर गायब. शेवटी वऱ्हाडातल्या आठ जणांनी गाडी मागे ढकलली. बँडवाल्यांनी तेवढ्यात सूर धरला. नवरदेवाचा मामा घाम पुसत म्हणाला, "नवरदेव थांबेल शे, पहिले यासनी वरात काढा."

*

ह्याच गाडीतून मग आप्पांची ये-जा सुरू झाली.

आप्पांच्या दोन्ही किडन्या गेल्या. मंगळवारी आणि शुक्रवारी नंदुरबारला डायलिसिस. डाव्या हातात सुईसाठी शीर तयार केली होती, त्या हाताने जोर करायचा नाही, म्हणून गाडी चालवणं बंद. डॉक्टरांनी मला आणि जिजींना, म्हणजे आप्पांच्या बायकोला, बाजूला घेऊन सांगितलं, हे आता कायमचं आहे. ह्या वयात दुसरा इलाज नाही. डायलिसिसच्या लागोपाठ पाळ्या चुकल्या तर माणूस हाती लागणार नाही.

आप्पांना हे कुणी सांगितलं नाही. त्यांची स्वतःची गाडी अंगणातल्या पत्र्याखाली ताडपत्री घालून उभी होती. दर रविवारी ताडपत्री काढायचे, आत बसायचे, स्टार्टर मारायचे. क्लच दाबून पहिला, दुसरा, तिसरा, चौथा, पाचवा, मग रिव्हर्स. सगळे गिअर एकदा टाकून बघायचे आणि गाडी बंद करायचे. चारही गाड्यांत धड गिअरबॉक्स तेवढाच. आम्ही तिघांनीही तो कधी ना कधी मागून पाहिला.

आप्पांचं उत्तर ठरलेलं. "मी बरा व्हयनू का मंग काय पायपाय फिरू? हात लावू नका."

जिजी मला म्हणाल्या, "राहू दे भटू. तठे बसना का तो पहिलासारखा दिखस."

*

आप्पा माझ्या शेजारी बसून गाडी कानाने चालवायचे. "तुन्हा उजवा चाकना जॉइंट वाजी ऱ्हायना." "इंजिननं माउंटिंग तुटेल शे, आयक." मिस्तरी गाडी उघडायचे तेव्हा तेच निघायचं.

एका मंगळवारी, भर उन्हाळ्यात, काटा लालवर गेला आणि बॉनेटमधून वाफ यायला लागली. गाडी बाभळीखाली घेतली. पाण्याचा कॅन मी दुकानातच विसरलो होतो. गाडीत पाणी एकच, आप्पांची अर्ध्या लिटरची बाटली. तेवढं त्यांना दिवसभर पुरवायचं असायचं. झाकणात ओतून ते ओठ ओले करायचे, बाकी नाही.

आप्पांनी बाटली माझ्या हातात दिली. "थंडी व्हऊ दे जराशी. मंग तिले पाज."

मी म्हटलं, "आप्पा, तुमले?"

"मले डाक्टरनी बंदी करेल शे. तिले कोन्ही नही करी."

मी ओतलं. रेडिएटर घटाघटा आवाज करत सगळं प्याला. आप्पा वाकून बघत होते. "कशी पी ऱ्हायनी दख," एवढंच म्हणाले. मला त्यांच्या तोंडाकडे बघवलं नाही. मी बॉनेट लावलं आणि निघालो.

*

पावसाळ्याच्या तोंडावर एका शुक्रवारी गाव सोडून थोडं पुढे आलो आणि आप्पा म्हणाले, "भटू, आज नको. मांगे फिराव."

डायलिसिसहून आले की दिवसभर त्यांचे पाय आखडायचे, अन्न जायचं नाही. एकदा तिथेच चक्कर येऊन पडले होते. नको म्हणणं चूक होतं असं मी आजही म्हणणार नाही. पण तेव्हा माझ्या तोंडून निघून गेलं, "आप्पा, गाडीले रिव्हर्स कोठे शे? इतला रस्तावर फिरावू कशी?"

रस्ता अरुंद, दोन्ही बाजूंना खोल चाऱ्या. एका दमात वळण्यासारखी नाहीच. आप्पांनी डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं. जन्मभर स्टेअरिंग धरलेला माणूस गाडीशी वाद घालत नाही. म्हणाले, "हां. मंग चाल."

वळायला जागा थेट चौफुलीवर, आणि चौफुलीच्या आधी दवाखान्याचं गेट. आत गेलो, पाळी झाली, परत आलो.

पुढे ते चार-पाच वेळा तरी म्हणाले असतील. दर वेळी साधारण त्याच ठिकाणी, उसाच्या रसाच्या बंद गाड्याजवळ. मी दर वेळी तेच सांगायचो. ते दर वेळी मान डोलवायचे.

मग मिस्तरींचा फोन आला, सुरतेहून रिव्हर्सचं चाक मिळालं, गाडी घेऊन या. मी गेलो आणि म्हणालो, "मिस्तरी, ठेवून द्या. बसवू नका."

मिस्तरींनी हात पुसले. "कितने दिन?"

"आप्पा डायलिसिसला माझ्या गाडीतून येतात तोवर."

त्यांनी चाक कागदात गुंडाळलं, वर पेनने लिहिलं, भटूसेठ, रिव्हर्स, आणि ऑइलच्या डब्यांमागे फळीवर ठेवलं. मी दुकानदार माणूस, खोटं बोलणं मला नवीन नाही. पण ह्या खोट्याची मला लाज वाटत नव्हती. उलट त्याच्या जोरावर एक माणूस जगतोय, असं वाटून छाती जराशी फुगायची.

*

दिवाळीनंतर तिसरा गिअर सुटायला लागला. टाकला की दहा पावलांवर दांडा आपोआप न्यूट्रलमध्ये. कुणीतरी दाबून धरावा लागायचा. धरायचे आप्पा, चांगल्या उजव्या हाताने. हळूहळू आमची जोडीच जमली. मी नुसता क्लच दाबायचो, गिअर आप्पा टाकायचे. त्या दिवसांत आप्पा सगळ्यात खुशीत होते. एकदा गेटवरच्या वॉचमनला म्हणाले, "हाऊ भटू क्लीनर शे मन्हा."

थोड्याच दिवसांत दुसराही गेला. मिस्तरींनी गाडी पाहून मान हलवली, हा गिअरबॉक्स संपला, आता उघडण्यातही अर्थ नाही. त्या आठवड्यात आप्पांना वळवीने नेलं. तिकडे डोंगरातून तो पहाटे निघाला होता.

रविवारी आप्पांनी ताडपत्री काढली नाही. मिस्तरींना फोन केला. "मन्ही गाडीमाईन गिअरबॉक्स काढी ले. भटूना गाडीले लाव."

गावितभाऊ म्हणाले, मोठ्या मनाचा माणूस. वळवी म्हणाला, आता त्यांची डायलिसिसची एकही पाळी चुकणार नाही. सगळ्यात जास्त आनंद मला झाला होता, हे कबूल करतो. आमच्यासाठी नाही दिला, पण डायलिसिससाठी दिला, असं मी गावभर सांगत फिरलो. आप्पांची गाडी टोचन करून नेली तेव्हा जिजी पत्र्याखाली उभ्या होत्या. रिकाम्या जागेत त्यांनी ताडपत्रीची घडी घातली, आणि परत उलगडून घातली.

काम होईपर्यंत आप्पा हट्टाने बाकड्यावर बसून राहिले. उठून आत डोकावले आणि मागे हात बांधून फळीवरचे डबे बघायला लागले. कागदाची पुडी त्यांच्या हाती लागली. त्यांनी वरचं नाव वाचलं, पुडी उघडून चाकाच्या दातांवरून बोट फिरवलं.

"हाई कव्हयपाईन पडेल शे?"

मिस्तरींनी माझ्याकडे पाहिलं. मी जमिनीकडे. मिस्तरी म्हणाले, "पाच-छे महिने हुए, आप्पा."

आप्पांनी चाक नीट पहिल्यासारखं गुंडाळलं आणि होतं तिथे ठेवलं. मला वाटलं, आता चिडतील. चिडले असते तर बरं झालं असतं. ते बाकड्यावर येऊन बसले आणि माझ्या गुडघ्यावर दोनदा थोपटलं.

*

शुक्रवारी निघालो. गाडी लोण्यासारखी चालत होती. तिसरा पडला तो पडलाच, धरायची गरज नाही. तरी आप्पांचा हात दांड्यावर होता. सवय, असं मला वाटलं. बाटली आज त्यांनी आणली नव्हती. विचारलं तर म्हणाले, "राहू दे."

रसाच्या बंद गाड्याजवळ आलो. पुढे-मागे कुणी नव्हतं.

"उभी कर," आप्पा म्हणाले. मी केली.

"क्लच दाब."

मी सवयीने दाबला. आप्पांनी दांडा मागे ओढला. खरखर नाही, झटका नाही. दांडा जागेवर जाऊन बसला.

"लागना," आप्पा म्हणाले. "आते शे ना रिव्हर्स तुन्ही गाडीले?"

मी म्हटलं, "आप्पा, तठे वाट दखी ऱ्हायनात." माझा एक पाय क्लचवर होता, एक ब्रेकवर.

आप्पांनी दांड्यावरचा हात काढला नाही.

"चाल घर, भटू. जिजीले सांगेल शे मी. आज तांब्याभर पानी पेवानं शे मले."