ओट्या आणि खंडेनवमीचा भोंगा

“ओट्या बसखाली गेला,” असं आम्ही घरात तीस वर्षं म्हणतोय.

त्याची साखळी मी सोडली होती.

रोज न चुकता डायरी लिहिणाऱ्या बाईने हे एकदाही का लिहिलं नाही, ते मला नीट सांगता येणार नाही. आज खंडेनवमी. सोसायटीतल्या प्रत्येक गाडीला झेंडूची माळ आहे. म्हणून आज लिहितेय बहुतेक.

लातूरकडून आम्ही पिंपरीला आलो तेव्हा मी सहावीत होते. आप्पा कंपनीत लागले. संत तुकाराम नगरात दोन खोल्या.

वर्गात मी तोंड उघडलं की मागच्या बाकावरून माझ्या बोलीची नक्कल यायची, “काय करलालीस गं? कुठं जालालीस?”
मग मी तोंड उघडणंच बंद केलं.

बोलायचे ते ओट्याशी.

आप्पा एकदा ओव्हरटाइम करून आले ते खाकी शर्टात कुत्र्याचं पिल्लू गुंडाळूनच. आई म्हणाली, “ओव्हरटाइमचं हेच मिळालं का?” कंपनीत ओव्हरटाइमला ओटी म्हणत, म्हणून तेव्हापासून तो ओटी. लाडाने ओट्या.

पाढे त्याला म्हणून दाखवायचे. सतरा सक्कं चुकलं तरी तो हसायचा नाही.

त्याचं एक वेड होतं. सकाळी साडेसहाला कंपनीचा भोंगा झाला की कोपऱ्यावर कामगारांची बस यायची. आप्पा पहिल्या शिफ्टला असले की हा त्यांना पोचवायला बसमागे धावायचा. आप्पांची शिफ्ट दर आठवड्याला बदलते, हे त्याला कोण सांगणार? तो रोजच धावायचा.

म्हणून आईचा नियम: बस गेल्याशिवाय साखळी सोडायची नाही.

फक्त गुरुवारी मोकळीक. गुरुवारी सगळ्या कंपन्या बंद. भोंगा नाही, बस नाही. शाळेला रविवारी सुट्टी आणि आप्पांना गुरुवारी, त्यामुळे दिवसभर आप्पा असे कधी मिळायचेच नाहीत. गुरुवारी सकाळी मी, ओट्या आणि रिकामा रस्ता.

त्या वर्षी खंडेनवमी गुरुवारी आली.

मशीनची पूजा करायची म्हणून कंपनीने तो गुरुवार चालू ठेवला. आमची पिंपरीतली ती पहिलीच खंडेनवमी. गावाकडे आम्ही विळा-कोयता पुजायचो. मशीनसाठी बस निघते, हे मला माहीत नव्हतं.

नव्हतं ना?

आप्पा सेकंड शिफ्ट करून आत झोपले होते. म्हणजे कुठल्याही गुरुवारसारखेच. आई नळावर. दुपारच्या शाळेत गणिताची चाचणी होती आणि मी रडकुंडीला आले होते. आधीच्या चाचणीत पन्नासपैकी अकरा होते.

ओट्या साखळीला हिसडे देत होता. कुंई कुंई थांबेना.

“जा बाबा एकदाचा!” म्हटलं आणि कडी काढली.

वहीत डोकं घातलं. पुढचं गणित सुटलंसुद्धा.

मग बाहेरून कुणीतरी ओरडलं. मी गेले तेव्हा बस उभी होती. पुढे बॉनेटला झेंडूची भलीमोठी माळ. ड्रायव्हरकाका खाली उतरून डोक्याला हात लावून बसले होते.

दुपारी मी चाचणी दिली. पन्नासपैकी अडतीस. तोपर्यंतचे सर्वात जास्त. त्या मार्कांचं काय करायचं, मला आजही कळलेलं नाही.

गेल्या आठवड्यात माळ्यावर सहावीची डायरी सापडली. वर्गाच्या बाई रोज डायरी लिहायला लावत आणि तपासत. त्या दिवशीचं पान:

“सकाळी भोंग्याने जाग आली. गणिताचा अभ्यास केला. ओट्या गेला.”

खाली लाल शाईत: “छान. अक्षर सुधारा.”

पहिली ओळ मी पुन्हा वाचली. भोंग्याने जाग आली? म्हणजे मी ऐकला होता. म्हणजे मला कळायला हवं होतं.

मग आधीची पानं उलटली. प्रत्येक पानाची पहिली ओळ तीच. रविवारीही तीच, गुरुवारीही तीच. ज्या दिवशी भोंगा होतच नाही त्या दिवशीही मला भोंग्याने जाग आलेली. पानं भरायला मी पहिली ओळ आगाऊच लिहून ठेवत असणार.

म्हणजे माझ्या डायरीवर माझा विश्वास नाही.

थेरगावला आप्पांकडे गेले आणि सरळ विचारलं, त्या गुरुवारी बस येणार हे मला माहीत होतं का?
आप्पा म्हणाले, “माझीच चूक, माय. गुरुवारी कंपनी चालू हाय, हे म्या तुला सांगितलंच न्हाई.”

आतून आई म्हणाली, “सांगितलं न्हाई कसं? जेवताना सांगितलं की. मशीनच्या माळा हिनंच तर ओवल्या!”

“तू गप गं.”

“गप का? आठवतंय ते सांगलाले.”

माळा मी ओवल्या, हे मला आठवतं. दारासाठी, दसऱ्यासाठी, असं वाटून ओवल्या, असंही आठवतं. की हे नंतर मीच ठरवलं? आप्पा मला वाचवायला खोटं बोलले असतील. आईही चुकत असेल. कुणाचं खरं मानू?

परतीच्या रिक्षात मात्र एक गोष्ट सुचली. ती इतकी वर्षं का सुचली नाही?

गुरुवारी ओट्या कधीच हिसडे द्यायचा नाही. मी उठेपर्यंत पाय पसरून घोरत असायचा.

त्या दिवशी तो उभा होता. कान टवकारून.

भोंगा मी ऐकला की नाही, माहीत नाही. तू ऐकला होतास, ओट्या. तू मला सांगतही होतास.

मी गणित करत होते.

आता वही मिटते रे. तुझी आठवण येते.