खिडकीखालची शेगडी

आमच्या नांदेडच्या घरात दिवस उजाडतो तो शोधाशोधीनं. गाडीची किल्ली, माझा चष्मा, यांचं पाकीट, दुधाची पिशवी कापायची कात्री. प्रत्येक वस्तू 'आत्ता इथंच तर ठेवली होती' याच जातीची. न्हाणीघरातून यांचा आवाज येतो, "अगं, टॉवेल?" आणि मी ओट्यापाशी उभ्या उभ्या करवादते, "खांद्यावर बघा." बहुतेक वेळा तो तिथंच असतो. नोकरी करणाऱ्या दोन माणसांचं घर असंच चालायचं, अशी मी माझी समजूत काढत आले आहे.

अशा या घरात यांनी आपल्या आईला कायमचं आणायचं ठरवलं.

सासूबाईंना मी आत्याबाई म्हणते. मामंजी गेल्यापासून त्या लातूरला एकट्याच राहतात. दोन खोल्या, पुढं ओसरी, मागं धुण्याची मोरी. काचबिंदूनं त्यांची नजर हळूहळू खाल्ली. आता एका डोळ्याला कडेनं थोडा उजेड कळतो. समोर माणूस उभं आहे की दार, ते कळत नाही. "माय आता एकटी राहू शकत नाही," असं यांनी फोनवर सांगितलं तेव्हा पलीकडून उत्तर आलं, "हाव का? मग आत्तापत्तुर हितं कोण राहत होतं?" मायलेकरांची जुंपली. शेवटी मधला मार्ग निघाला, आणि आमच्या घरात मधला मार्ग म्हणजे मी. घटस्थापनेच्या आधी रजा काढून मी लातूरला जाऊन राहायचं, त्यांचं कसं चालतं ते बघायचं. मग शनिवारी हे येणार आणि निकाल लागणार. सून सासूची परीक्षा घ्यायला निघाली होती. खरं सांगायचं तर बसमध्ये बसतानाच मला वाटत होतं, की निकाल ठरलेला आहे आणि माझी रजा उगीच खर्ची पडते आहे.

पहिल्या दिवशी मी त्यांच्या मागं मागं सावलीसारखी फिरले. कुठं ठेचकाळतात, काय सांडतात, हे बघत. त्यांना ते कळलं. "पोलिसावानी पाठीमागं नको फिरू बाई," त्या म्हणाल्या. "खाली बस आन् शेंगा फोड."

मग मी बसून बघायला लागले. स्वयंपाकघरात शिरलं, की त्यांचा उजवा हात आधी दाराशेजारच्या खिडकीखालच्या ओट्यावर टेकायचा. तो कोपरा कायम मोकळा. तिथून सगळ्या खोलीचा हिशोब सुरू व्हायचा. हात पुढं सरकला की माठ, मग पिठाचा डबा, मग भिंतीतल्या फळीवर मिसळणाचे डबे आणि ओट्याच्या पार दुसऱ्या टोकाला गॅसची शेगडी. डबे एकासारखे एक नव्हते. मीठ चपट्या बरणीत, हळद औषधाच्या जुन्या डबीत, काळं तिखट उंच डब्यात आणि त्याच्या गळ्याला चिंधी बांधलेली. प्रत्येक डब्यात त्याचा त्याचा चमचा, आणि तोही त्या जिन्नसाच्या मापाचा. हळदीला अगदी इवलासा, तिखटाला जरा मोठा. त्यामुळं मोजायचा प्रश्नच नव्हता. भांड्यावरचं झाकण काढलं, की ते त्याच भांड्याच्या बुडाखाली जायचं. पुन्हा शोधायला नको. धुतलेल्या लुगड्याच्या घडीतच त्यावरचं झंपर आणि परकर. सकाळी एक घडी उचलली की काम झालं. गॅस बंद करताना आधी शेगडीची कळ, मग टाकीची, आणि मग तोंडानं स्वतःलाच सांगायचं, "बंद." मोठ्यानं म्हटलं की मागाहून शंका येत नाही, म्हणे. आणि नळाखाली कायम एक रिकामी पत्र्याची बादली, नळ उघडाच. लातूरच्या नळाला पाणी कधी सुटेल ते देवाला ठाऊक. पण पहिली धार बादलीत वाजली की त्या जिथं असतील तिथून उठायच्या.

यातल्या निम्म्या गोष्टी त्या नजर चांगली होती तेव्हापासूनच करत होत्या. मोठा बारदाना, सतत पाहुणे, शेतातली माणसं जेवायला. "तवा शोधत बसले असते तर लोक उपाशी मेले असते," त्या म्हणाल्या. नजर गेल्यावर त्याच सवयी त्यांच्या उपयोगाला आल्या.

सगळं छान छानच होतं असं मात्र नाही. एकदा त्यांनी आमटीला फोडणी दिली आणि अर्धी मोहरी जमिनीवर. एकदा दूध उतू गेलं. त्यांच्या मनगटावर भाजल्याचे जुने डाग होते. मी जरा कडक आवाजात विचारलं, "हे काय?" त्या म्हणाल्या, "तुझ्या हातावर न्हाईत का?" मी बाही वर केली. माझ्या हातावर कढईचा एक, कुकरचा एक आणि इस्त्रीचा एक असे डाग होते, आणि माझ्या डोळ्यांना तर काही झालेलं नव्हतं. मी गप शेंगा फोडायला लागले. त्या दिवसापासून माझा निकाल डळमळायला लागला. भाकरी थापताना त्या मान जरा कलती करून आवाज ऐकायच्या, आणि तव्यावरची भाकरी वासावरून उलटायच्या. ती टम्म फुगली की मला आपलं उगीच भरून यायचं.

गुरुवारी नणंदबाई आल्या, चाकूरहून. यांची थोरली बहीण. शेतीचं घर, कामाला वाघीण, मायेला तर तोटाच नाही. त्या आल्या होत्या दसरा काढायला. आमच्याकडं घटस्थापनेआधी घरातलं चमच्यापासून गोधडीपर्यंत सगळं बाहेर काढून, धुऊन, वाळवून, पुसून परत लावल्याशिवाय सण आल्यासारखा वाटत नाही. त्यालाच दसरा काढणं म्हणायचं. दर वर्षी नणंदबाई वाकळा-गोधड्या चाकूरला नेऊन विहिरीवर धुऊन आणायच्या, भांडी मायलेकी मिळून घासायच्या. औंदा त्यांनी ठरवलं, की मायला हात लावू द्यायचा नाही.

शुक्रवारी मला आत्याबाईंना डोळ्यांच्या डॉक्टरांकडं न्यायचं होतं. दवाखान्यात ही गर्दी. डॉक्टरांनी सांगितलं ते आधीचंच: गेलेलं परत येणार नाही, उरलेलं टिकवायला थेंब चालू ठेवा. परत यायला दुपार टळून गेली. रिक्षातून उतरलो तर ओसरी आरशासारखी लख्ख. नणंदबाई दारात उभ्या, पदर खोचलेला, घामानं चिंब आणि चेहरा असा, की आईला कधी एकदा आत नेते. "माय, आत चल तर. तुझं घर वळखू येईना आता."

आत्याबाई हसत आत गेल्या. मी चपला काढत होते. चपला काढता काढता मला दारातून फळी दिसली. सगळे डबे नवे, एकसारखे, उंचीनं ओळीत लावलेले, दुकानातल्यासारखे चकचकीत. मग खिडकी दिसली आणि खिडकीखाली शेगडी दिसली. त्यावर तवा. नुकत्याच भाकरी करून उतरवल्या होत्या. मी "आत्याबाई" एवढंच ओरडले. तोवर त्यांनी आपला उजवा तळवा नेहमीच्या जागी टेकवला होता.

त्या ओरडल्या नाहीत. आतल्या आत ओढून घेतलेला एक श्वास फक्त ऐकू आला. मी त्यांचा हात माठातल्या पाण्यात घातला. नणंदबाई भिंतीला टेकून उभ्या, तोंडावर पदर. "मी उजेडात ठिवली गं माय," त्या पुन्हा पुन्हा म्हणत होत्या. "तिकडं कोपऱ्यात लई अंधार होता. म्हणलं, खिडकीपाशी तुला जरा उजेड हुईल."

उजेड! मला त्यांचा राग आला होता, तो ते ऐकून कुठल्या कुठं गेला. नजर नसलेल्या आईसाठी लेकीनं दिवसभर राबून उजेडाची जागा शोधली होती. याला काय म्हणायचं?

गल्लीतल्या दवाखान्यात मलम लावून तळव्याला पट्टी बांधली. घरी आल्यावर आत्याबाईंनी आम्हा दोघींना समोर बसवलं. "उद्या तो येईल. त्याला सांगायचं, माझाच हात चुकला. तव्यावर पडला. दुसरं काई सांगायचं न्हाई."

"अहो, पण मग ते तुम्हाला नेतीलच," मी म्हणाले.

"नेऊ दे. त्याचं डोस्कं तुला म्हाईत न्हाई का? बहिणीला वाट्टेल ते बोलून बसंल. तिनं एवढं राबराब राबून केलंय, तिच्या पदरात हेच पडावं का? सणासुदीला भाऊ-बहिणीत बिब्बा नको." नणंदबाई खाली मान घालून ऐकत होत्या. आत्याबाईंनी पट्टीचा हात मांडीवर उताणा ठेवला होता. आपलं घर जातं आहे हे त्यांना स्वच्छ कळत होतं, आणि तरी त्या लेकीला पाठीशी घालत होत्या. मला बोलायची बंदी झाली होती. मी त्यांची सून, त्यांची मुलगी नव्हे. हा शब्द मोडायचा अधिकार माझा नव्हता.

शनिवारी सकाळी हे आले. पट्टी बघितली आणि चपलाही न काढता दारातच थांबले. "काय झालं?"

"हात चुकला रे. तव्यावर पडला."

हे जे सुरू झाले. "मी म्हणत होतो, कुणी ऐकत नाही, उद्या पदर पेटला म्हणजे, आणि मग आम्ही लोकांना काय तोंड दाखवायचं." आत जाऊन त्यांनी माळ्यावरची बॅग काढली आणि कपाटातल्या घड्या तिच्यात भरायला लागले. आत्याबाई खाटेवर बसून होत्या. कपाटाचं दार वाजत होतं, तसा त्यांचा चेहरा तिकडं वळत होता. काय काय चाललं आहे ते त्या कानानं बघत होत्या. मी नणंदबाईंकडं बघितलं, नुसतं बघितलं.

"माय खोटं बोलून राहिली," नणंदबाई म्हणाल्या. आवाज फुटत नव्हता, पण म्हणाल्या. "शेगडी मी हलविली. तिच्या हाताची जागा व्हती ती, तिथं मी तापला तवा ठिवला. डबे बी मीच बदलले. तिचं काई चुकलं न्हाई. मला बोल काय बोलायचं ते."

यांच्या हातात लुगड्याची घडी तशीच राहिली. बहिणीवर ओरडायला त्यांनी तोंड उघडलं, आणि बहिणीचा चेहरा बघून मिटलं. घडी बाजूला ठेवून ते आईपाशी जाऊन खाली बसले. आवाज एकदम उतरला होता. "तरी बी माय, चल. तिकडं आम्ही हाव की. तुला कशाची फिकीर राहणार न्हाई."

आत्याबाईंनी चांगला हात पुढं केला, चाचपून त्यांचा खांदा शोधला. "हितं मला दिसत न्हाई बाबा, एवढंच. तिकडं मी आंधळी हुईन."

मला आमचं नांदेडचं घर आठवलं. जिथं डोळस माणसांना किल्ली सापडत नाही त्या घरात या दिवसभर एका खुर्चीत बसून राहतील, आणि उठल्या की आम्ही ओरडू, "बसा, बसा, काय हवं ते सांगा."

यांनी बॅग रिकामी केली. घड्या कपाटात कशाही कोंबल्या, त्या मी नंतर नीट लावल्या. मग बहीण-भावांनी मिळून शेगडी उचलून ओट्याच्या दुसऱ्या टोकाला नेली. आत्याबाई दारात उभ्या राहून सांगत होत्या, "अजून भिंतीकडं. आता वाईच अलीकडं. हां." नणंदबाईंनी जुने डबे मोरीतून शोधून आणले. काळ्या तिखटाची चिंधी मात्र धुण्यात गेली होती. त्यांनी आपल्या पदराची किनार फाडून बांधली. नव्या लुगड्याची किनार होती. आत्याबाई रागावल्या, पण फार नाही.

रविवारी दुपारच्या बसनं आम्ही दोघंच निघालो. हात बरा होईपर्यंत नणंदबाई मायपाशी थांबणार होत्या. अहमदपूर मागं पडलं. लोह्याच्या आसपास हे म्हणाले, "तिला आणलं असतं, तर मला रात्री झोप लागली असती."

मला ते कळत होतं. मलाही भीती होतीच. अजूनही आहे. आत्याबाईंनी फोन उचलायला उशीर केला की मी रिंग मोजत बसते, आणि तशी मोजतच राहणार आहे.

"मला वाटत होतं, मी तिच्यासाठी करून राहिलो," हे म्हणाले. "माझ्या झोपेसाठीच करत होतो गं."

मी यांचा हात हातात घेतला. भर बसमध्ये, या वयात.

"मग जागू की आपण," मी म्हणाले.