काळीज आणि लिव्हर

नागनाथ जिमच्या मागच्या मोरीत ओकत होता. मी पाण्याचा तांब्या घेऊन उभा होतो. मोरीतून तुपाचा वास आला.

"काय खाल्लास?"

"काय न्हाई, दाजी."

"उपाशी पोटातून डिंकाचा लाडू येत नसतो."

तोंड पुसत तो हसला. "नाक हाय का मशीन तुमचं?"

नागनाथ माझा मेहुणा. दुबलगुंडीहून रोज सकाळी मोटरसायकलवर भालकीला, माझ्या जिममध्ये यायचा. माझी बायको सुमन, म्हणजे त्याची अक्का, हिचं लिव्हर निकामी होत चाललं होतं. स्वतःच्या लिव्हरचा तुकडा द्यायला तो तयार होता. रक्तगट जुळला होता. पण हैदराबादच्या डॉक्टरांनी स्कॅन बघून सांगितलं, ह्यांच्या लिव्हरमध्ये चरबी आहे, ती उतरल्याशिवाय घेता येणार नाही. चरबी उतरवणं हा माझा धंदा. मी ट्रेनर आहे.

डॉक्टरांच्याच परवानगीनं मी हाय इंटेन्सिटी इंटरव्हल ट्रेनिंग सुरू केलं. जिममध्ये त्याला आम्ही हिट म्हणतो. थोडा वेळ सायकल जीव खाऊन मारायची, मग सावकाश, श्वास जागेवर येईपर्यंत. पुन्हा जोरात. थोड्या वेळात बरंच इंधन जळतं. नेमक्या एकाच जागेची चरबी जाळणारा व्यायाम मात्र नसतो. सगळ्या अंगाची उतरते, तशी लिव्हरचीही उतरते. आणि खाणं आवरलं नाही तर कुठलीच उतरत नाही.

"पिक्चर हिट व्हायलाय का, दाजी?" वजनकाट्यावर चढताना तो विचारायचा. काटा हलत नव्हता. घरी सुमनचे डोळे रोज जास्त पिवळे दिसत होते.

"कामून खाल्लास?" तांब्या त्याच्या हातात देत मी पुन्हा विचारलं.

"माय ताटात वाढायलीय. न्हाई म्हणलं की रडायलीय. मी काय करू?"

त्याच दिवशी मी दुबलगुंडीला गेलो. सासूबाई, त्यांना मी मामी म्हणतो, परात पुढ्यात घेऊन लाडूच वळत होत्या. नागनाथ उंबऱ्यातच थांबला.

"मामी, हे बंद करा. सुमनचा जीव ह्याच्यावर हाय."

त्यांनी मान वर केली नाही. "मला कळतंय, जावईबापू. लेक वाचंल म्हणून मी लेकाला अडवलं न्हाई. पर जाणाऱ्याला उपाशी कसं धाडू?"

"कुठं जाणाऱ्याला?"

"काळीज काढून दिल्यावर माणूस ऱ्हातंय व्हय?"

मी वळून नागनाथकडं बघितलं. नागनाथनं घरी सांगितलं होतं, अक्काला काळजाचा तुकडा द्यायचाय. चुकीचं नव्हतं. मटणाच्या दुकानात आपण लिव्हरला काळीजच म्हणतो. पण भीतीनं धडधडतं तेही काळीजच. मामींनी ते धडधडणारं धरलं होतं. एक लेकरू देऊन दुसरं वाचवायचं, असं मनाशी ठरवून त्या गप्प राहिल्या होत्या आणि लाडू वळत होत्या.

"मामी, बोकडाचं काळीज तव्यावर परतता ना, ते हे. धडधडतंय ते दिल. त्याला कुणी हात लावणार न्हाई. आणि ह्याचा तुकडा काढला तरी ते परत वाढतंय."

"परत वाढतंय?"

"व्हय."

त्या उठल्या. तुपाच्या हातानंच त्यांनी नागनाथच्या पाठीत धपाटा घातला. "मुडद्या, नीट सांगायला काय झालतं रं तुला?" मग तोंडाला पदर लावून बराच वेळ रडल्या.

लाडू थांबले. काटा हलू लागला. नागनाथ अशी सायकल मारायचा की "दम खा" म्हणून मला ओरडावं लागायचं. "अक्काकडं टाइम न्हाई, मी कशाला दम खाऊ?" असं तो म्हणायचा. पुढच्या स्कॅनमध्ये लिव्हर जवळजवळ साफ निघालं. डॉक्टर ऑपरेशनला तयार झाले.

तारीख ठरण्याआधीच सुमनला इन्फेक्शन झालं. ती आयसीयूतून परत आली नाही.

लाडवांत गेलेले आठवडे हातात असते तर ती वाचली असती का, हे मी डॉक्टरांना विचारलं. सांगता येत नाही, म्हणाले. मामींच्या कानावर हा प्रश्न मी जाऊ दिलेला नाही.

नागनाथ अजून येतो. सायकलवर बसतो. "जोरात मार," मी म्हणतो.

"आता कशाची घाई, दाजी?"

चरबी उतरवायला नवा माणूस आला, की त्याच्या घरी जो कोणी रांधतो त्यालाही मी एकदा बोलावून घेतो. दोघांना समोर बसवून सगळं सांगतो. लिव्हरला लिव्हरच म्हणतो.