मास्तरांचे दोन्ही पाय

सरकू मास्तरांच्या नाचात पाय जमिनीवरून उचलला, की अंगठ्यावर छडी बसायची. नाच शिकवणाऱ्या माणसाची ही अट ऐकून लातूरच्या बाकी शाळा हसायच्या. आम्ही हसत नव्हतो, कारण अंगठे आमचे होते.

खरा दोष दुष्काळाचा. गॅदरिंगच्या तालमी शाळेच्या मैदानावर चालत आणि दोन उड्या मारल्या, की धुळीत आमचे आम्हीच दिसेनासे व्हायचो. माझा नाच पाहता ती सोयच होती. पण मास्तरांनी सडा मारायला पाणी मागितलं, तेव्हा हेडमास्तर म्हणाले, "लेकरांना प्यायला पाणी न्हाई, अन् तुमच्या नाचाला आंघोळ घालू व्हय?" मास्तर परत आले आणि म्हणाले, "आजपासून पाय उचलायचा न्हाई. खाली लेकरू निजलंय समजून सरकायचं." तेव्हापासून आमचे कोळी सरकले, शेतकरी सरकले आणि मावळ्यांनी गडसुद्धा सरकत-सरकतच घेतला. मास्तरांचं नाव त्यातून पडलं.

मास्तर मूळचे किनवटचे. "आमच्या रानात उडी मारली तर माती खाली दबती. तुमची नाकात जाती," असं म्हणून ते उसासा टाकत. मग ठरलेलं वाक्य यायचं, "एकदा लाकडी स्टेज मिळू दे. उडी काय असती ते दाखवतो." त्यांची पाठ वळली, की आम्ही या वाक्यावर ठेका धरायचो.

पुढे मास्तर जाहिरातीच्या धंद्यात उतरले. एका बियाण्याच्या कंपनीसाठी टेम्पोवर नाच बसवून बाजारोबाजार फिरायचं. पाऊस नव्हता, पण बियाण्याची जाहिरात जोरात होती. हिमायतनगरच्या बाजारात मी ज्वारीचं कणीस झालो होतो. त्या वर्षी सगळ्या तालुक्यात भरलेलं कणीस तेवढंच. टेम्पोचा तळ लाकडी पाहून मास्तरांचे डोळे चमकले. तेवढ्यात ड्रायव्हर म्हणाला, "मास्तर, उड्याबिड्या चालणार न्हाईत. स्प्रिंगचे पाटे तुटले तर या कणसालाच धक्का मारायला लावीन." पुन्हा सरकणं आलं.

नांदेडच्या एका स्पर्धेत तर परीक्षकांनी "या नृत्यात विलक्षण संयम आहे" असं सांगून आम्हाला ढाल दिली. मास्तर माझ्या कानाशी लागले, "संयम कुठला रे, पाण्याची बोंब हाय."

मग लातूर जिल्हा झाला. नळ होते तसेच कोरडे राहिले, पाट्या मात्र सगळ्या नव्या आल्या. सोहळ्यासाठी छातीएवढा उंच लाकडी स्टेज उभा राहिला आणि मास्तरांना बोलावणं आलं. तोवर त्यांचा गुडघा गेला होता. जिनासुद्धा चढू नका, असं डॉक्टरांनी बजावलेलं. त्यांनी जुनी पोरं गोळा केली आणि उडी माझ्यावर सोपवली.

"सर, माझं पोट बघा."

"पोटाकडं कोण बघतंय? लोक पाय बघतील."

सोहळ्यात ढोलकी चढली, मी इतक्या वर्षांची साठलेली उडी मारली आणि गुत्तेदाराने स्वस्तात बसवलेली फळी मोडून छातीपर्यंत स्टेजात गेलो. लोकांना पाय दिसायचा प्रश्नच मिटला. ढोलकीवाला थांबणार, तोच विंगेतून मास्तर आले. बुशशर्ट, गळ्यात शिट्टी.

"काय करून राहिलास?" ते दातओठ खात म्हणाले.

"अडकलो, सर."

"मग झाड हो. हात हलव."

मी झाड झालो. मास्तर माझ्याभोवती सरकत एक फेरा घेऊन आले, थबकले, आणि उडाले.

पाहुण्यांनी भाषणात दुष्काळातल्या झाडाच्या प्रतीकाची वाहवा केली. माझ्या आयुष्यातलं नाचाचं कौतुक ते एवढंच, तेही न हलल्याबद्दल. उडीचा फोटो नाही. फोटोग्राफर त्या वेळी पाहुण्यांना टिपत होता. मास्तरांच्या हाती काठी आली ती त्याच रात्री.

नांदेडच्या दवाखान्यात त्यांना शेवटचं भेटलो. नर्स बाहेर गेल्याची त्यांनी खात्री करून घेतली. मग म्हणाले, "तू जवळ होतास, खरं सांग. पाय उचलले होते का मी? का सवयीनं सरकलोच?"

"उचलले होते, सर."

"दोन्ही?"

"दोन्ही. मी खाली होतो ना. तुमच्या पायांखालून मला पहिल्या रांगेतले कलेक्टर अख्खे दिसले."

मास्तरांनी डोळे मिटून हिशेब केला.

"सोफ्यासकट?"

"सोफ्यासकट, सर."