पुढेच जाणारे पॅरामेशियम

पॅरामेशियम मागे पोहतो हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी प्रयोगशाळेत फिदीफिदी हसले होते आणि सरांची बोलणी खाल्ली होती. ऐंशीच्या दशकातली गोष्ट. एमएस्सी होऊन मी रत्नागिरीतल्या एका कॉलेजात प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेत सरांच्या हाताखाली हंगामी मदतनीस होते. भाताचा पेंढा उकळायचा आणि त्या पाण्यात हे जीव वाढवायचे, हे माझं काम. एकाच पेशीचा जीव, चपलेच्या तळव्यासारखा, अंगभर बारीक केस, आणि कायम कुठेतरी पोचायची घाई. पण पाण्यात पोटॅशियमच्या क्षाराचा थेंब टाकला की सगळेच्या सगळे गपकन थांबायचे आणि मागे पळत सुटायचे. कंडक्टरने शिट्टी मारून एसटी मागे घ्यायला लावावी ना, अगदी तसे!

यातलं शास्त्र सर फार सोपं करून सांगायचे. पेशीच्या आवरणाला बारीक दारं असतात. थेंब पडला की त्यातली कॅल्शियमची दारं उघडतात, कॅल्शियम आत घुसतं आणि केस उलट दिशेने वल्ही मारू लागतात. आता एखाद्या पदार्थाने ही दारं बंदच करून टाकली, तर थेंब टाका नाहीतर काही करा, जीव मागे जाणार नाही. रक्तदाबावरची, हृदयावरची काही औषधं अशीच दारं बंद करणारी. म्हणून आम्ही किनाऱ्यावरचे स्पंज, म्हणजे खडकाला चिकटून जगणारे समुद्री जीव, आणि शेवाळं आणायचो, अर्क काढायचो, तो पॅरामेशियमच्या पाण्यात घालायचो, वर थेंब टाकायचो, आणि मागे कोण जात नाही ते बघत बसायचो. सूक्ष्मदर्शक, पेंढा आणि दोन डोळे, एवढ्यावर औषधांची चाचणी! मला तर वेडच लागलं होतं तिचं.

पण माझी नेमणूक संपत आली होती. नेमक्या शेवटच्या दिवशी मुंबईहून एक प्राध्यापक चाचणी बघायला येणार होते. त्यांनी अनुदानाच्या अर्जावर सही केली तर कामाला दोन वर्षांचं अनुदान आणि माझी जागा पक्की. नाही केली, तर भावाने मुंबईतल्या एका कचेरीत माझ्यासाठी टायपिंगची नोकरी बघून ठेवलीच होती. मला नको होतं ते टायपिंग. मला ही मागे पळणारी ध्यानं हवी होती!

पाहुणे आले ते हिरवेपिवळे होऊनच. रात्रभरच्या घाटांनी त्यांचं पार भिरभिरं करून टाकलं होतं. सरांनी त्यांना कोकम सरबत पाजलं, जरा माणसात आणलं आणि सूक्ष्मदर्शकापुढे बसवलं. मी थेंब टाकला. आमची पलटण मागे पळाली. पाहुणे खुदकन हसले, आणि मला वाटलं, झालं, जिंकलं.

‘‘छान,’’ ते म्हणाले. ‘‘पण ओळखीचं औषध कुठे आहे? दारं बंद करतं हे जगाला ठाऊक आहे असं एखादं? त्याने तुमचे जीव मागे जायचे थांबतात हे आधी दाखवा. नाहीतर तुमच्या स्पंजावर कोण विश्वास ठेवणार?’’

सरांचा चेहरा उतरला. औषध मुंबईहून मागवलं होतं, पत्रांवर पत्रं धाडली होती, पण पार्सलचा पत्ता नव्हता.

‘‘मग मी सही कशी करू?’’ पाहुणे शांतपणे म्हणाले. रागावले असते तर परवडलं असतं हो! दुपारी सरांच्या घरून डबा आला, त्यात सुरमई होती, आणि मी ती नुसती चिवडत बसले.

जेवणं झाल्यावर पाहुण्यांनी जरा लाजतच विचारलं, ‘‘बस लागू नये म्हणून एखादी गोळी मिळेल का कुठे? माझ्या संपल्या. साडेतीनची गाडी आहे.’’

दुपारच्या वेळेला रत्नागिरीत औषधाचं दुकान उघडं? छे! सगळं गाव आडवं झालेलं. पण गोळी माझ्याकडे नाही तर कुणाकडे असणार! देवरूखला घरी जाताना स्टँडवर गाडीने नुसता धूर सोडला तरी माझ्या पोटात ढवळायला लागायचं. मी पर्समधून पट्टी काढली. दोनच गोळ्या उरल्या होत्या.

‘‘कुठली आहे बघा. मला सगळ्या चालत नाहीत.’’

मी आजवर तिला ‘एसटीची गोळी’ एवढंच म्हणत आले होते. पहिल्यांदाच पट्टी उजेडात धरून वाचली. ‘‘सिनारिझिन.’’

सर हात धूत होते, ते तसेच थांबले. ‘‘परत वाच,’’ ते म्हणाले.

मी परत वाचलं आणि कपाळावर हात मारला. अहो, कॅल्शियमची दारं बंद करणाऱ्या औषधांच्या आमच्या यादीत हे नाव होतं! मीच फळ्यावर लिहिलं होतं! बाजारात ते बस लागण्यावर मिळतं याचा सरांना पत्ताच नव्हता, कारण सरांना जन्मात कधी बस लागली नव्हती. आणि आम्ही मुंबईला साकडं घालत बसलेले, औषध माझ्या पर्समध्ये, केसांच्या पिनांशेजारी!

मग काय धावपळ! खल आणला, गोळी कुटली. ती पाण्यात विरघळेना म्हणून स्पिरिट घेतलं आणि मी आनंदाच्या भरात ते धडाधड ओतलं. ते मिश्रण पडताच आमचे जीव गरागरा जागच्या जागी फिरायला लागले.

‘‘हे औषधाने नव्हे, दारूने झिंगलेत!’’ पाहुणे पोट धरून हसले. मग त्यांनी घड्याळाकडे पाहिलं, उरलेल्या एकुलत्या गोळीकडे पाहिलं आणि एक लांब सुस्कारा सोडला. ‘‘कुटा.’’

‘‘अहो, पण तुमचा घाट...’’ सर म्हणाले.

‘‘कुटा म्हणतो ना!’’

या वेळी स्पिरिट मोजून थेंबभर. एका काचेवर नुसतं तेवढंच स्पिरिट, दुसरीवर गोळीसकट. ‘‘कुठली काच कुठली ते मला सांगू नका,’’ पाहुण्यांनी बजावलं आणि डोळा लावला. मी पहिल्या काचेवर क्षाराचा थेंब टाकला. ‘‘मागे,’’ ते म्हणाले. दुसऱ्या काचेवर टाकला. ते नुसता स्क्रू फिरवत राहिले. मी तर देव पाण्यात ठेवून उभी. बोला ना हो! बोला ना!

‘‘पुढेच जातायत,’’ ते पुटपुटले, आणि मग एकदम ओरडलेच, ‘‘अगं, पुढेच जातायत! ये, बघ, बघ!’’

बघते तर काय, थेंब पडूनही आमची ध्यानं मजेत पुढे चाललेली! मी टाळ्या पिटल्या, सरांनी पाहुण्यांना मिठी मारली, पाहुण्यांनी मला ‘तुम्ही’ म्हणायचं सोडलं ते सोडलंच. त्यांनी काचा बदलून बदलून पुन्हा तपासलं आणि मगच सही केली. मला हसू आवरेना आणि डोळ्यांतलं पाणीही आवरेना.

स्टँडवर सरांनी त्यांना खिडकीची जागा मिळवून दिली, हातात दोन लिंबं दिली. गाडी सुरू व्हायच्या आधीच पाहुण्यांचा रंग बदलायला लागला होता. ‘‘घाटात तुम्हा दोघांच्या नावाने शंख करणार आहे,’’ ते खिडकीतून म्हणाले, आणि गाडी गेली.

सर आणि मी धुरळ्यात उभे. सर कौतुक करणाऱ्यांतले नव्हतेच. त्यांनी चष्मा पुसला, परत पुसला आणि दुसरीकडेच बघत म्हणाले, ‘‘उद्या जरा लवकर ये हो. सकाळची ओहोटी आहे, स्पंज काढायला जाऊ.’’

उद्या!

‘‘येते, सर!’’ मी एवढ्या जोरात ओरडले की सुटायला निघालेल्या लांज्याच्या गाडीचा ड्रायव्हर ब्रेक दाबून माझ्याकडे बघायला लागला.